एकाच पावसाचे तीन पेपरांत तीन आकडे : मराठवाड्यातली बातमी बनते कशी, अडते कुठे

चावडीवाचक (धागाकर्ता)

एकच तालुका, एकाच रात्रीचा पाऊस. पहिल्या पेपरात ‘तालुक्यात ४३ मिमी पाऊस’. दुसऱ्यात ‘७१ मिमी, अतिवृष्टी’. तिसऱ्यात ‘ढगफुटीसदृश पावसाचा हाहाकार’ आणि आत आकडा ११२. पारावर निकाल लगेच लागतो : सगळे विकले गेलेत. मला तो पटत नाही. पाऊस जास्त छापून कोणाला कसले पैसे मिळणार?

इथे डेस्कवर बसणारे, तालुक्यातून बातम्या पाठवणारे, महसूल-पाटबंधारेवाले, वकील अशी बरीच मंडळी आहेत. बातमीतला आकडा कुठे जन्मतो, कोणाकोणाच्या हातून जातो आणि दबाव नेमका कुठल्या टप्प्यावर येतो, ते सांगा. आपापले किस्से नकोत, पद्धत सांगा.

मंडळनिहाय

तिन्ही आकडे खरे असू शकतात. पाऊस तालुक्याचा मोजत नाहीत, महसूल मंडळाचा (तालुक्यातल्या काही गावांच्या गटाचा) मोजतात. समजा तालुक्यात सहा मंडळं आहेत आणि नोंदी अशा आल्या : ७१, ६८, ४०, ३५, २८, १६. बेरीज २५८, सहाने भागा, तालुक्याची सरासरी ४३. पहिल्या पेपराने सरासरीचा रकाना उचलला, दुसऱ्याने सगळ्यांत वरचं मंडळ. ११२ चं बहुधा असं असेल की त्याच मंडळात आदल्या दिवशी ४१ झाला होता. ४१ आणि ७१, दोन दिवसांची बेरीज.

आता ‘अतिवृष्टी’. महसूलच्या भाषेत एखाद्या मंडळात २४ तासांत ६५ मिमी किंवा जास्त पाऊस झाला तर ते मंडळ अतिवृष्टीचं. वरच्या उदाहरणात दोन मंडळं बसतात, चार बसत नाहीत. शीर्षक मात्र ‘तालुक्यात अतिवृष्टी’. ते वाचून उरलेल्या चार मंडळांतली माणसं दुसऱ्या दिवशी तलाठ्याच्या दारात. (सततच्या पावसाचा निकष वेगळा आहे, तो इथे मिसळू नका.)

तारखेचा घोळ वेगळाच. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. १४ च्या रात्री पडलेला पाऊस १५ च्या अहवालात येतो आणि १६ च्या पेपरात छापला जातो. तिथे बातमीदाराने ‘काल रात्री’ लिहिलं की एक दिवस सरकला. विम्याच्या किंवा अनुदानाच्या अर्जाला हे कात्रण जोडलं की कागदावर घोळ.

यंत्राबद्दलही सांगतो. महावेध प्रकल्पात मंडळागणिक एक स्वयंचलित हवामान केंद्र आहे. आत छोटी उलटणारी बादली असते, ठरावीक पाणी साचलं की ती कलंडते आणि नोंद होते. नरसाळ्यात पाला, पाखराची विष्ठा, धूळ अडकली की बादली कलंडत नाही आणि शिवारात गुडघाभर पाणी असताना नोंद दाखवते ९ मिमी. शेजारी झाड किंवा भिंत वाढली तरी पाऊस आडवा होतो. म्हणून ‘यंत्रात नोंदच नाही’ ही गावकऱ्यांची तक्रार दर वेळी राजकीय नसते. बातमीदाराने केंद्राच्या जागेचा एक फोटो काढला तरी अर्धी बातमी होते. तो फोटो क्वचितच दिसतो.

आणि टक्केवारी! ऑगस्टमध्ये एक पेपर म्हणतो ‘मराठवाड्यात ७५ टक्के पाऊस’, दुसरा म्हणतो ‘सरासरीच्या ११० टक्के’. दोघांचा छेद वेगळा. एकाने पूर्ण पावसाळ्याच्या सरासरीने भागलं (विभागाची ६७९.५ मिमी धरतात), दुसऱ्याने त्या तारखेपर्यंतच्या अपेक्षित पावसाने. छेद न सांगता टक्के छापणं म्हणजे वजन न सांगता भाव सांगणं.

अवांतर : ढगफुटी म्हणजे हवामान खात्याच्या हिशोबाने तासाभरात १०० मिमीच्या आसपास, तेही थोड्याशा भागावर. ‘सदृश’ हा शब्द कुठल्या यंत्रात मोजतात ते मला अजून कळलेलं नाही.

डाक_आवृत्ती

डेस्कच्या बाजूने. पावसाचा तक्ता दुपारच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ होऊन येतो. एकाच पानावर आठ जिल्हे, बारीक रकाने, मोबाईलवर बोटाने ओढत वाचायचे. ‘आजचा’, ‘जूनपासूनचा’, ‘गेल्या वर्षी याच तारखेला’ हे तीन रकाने शेजारी-शेजारी असतात. बोट एका रकान्याने सरकलं की आकडा बदलला. यात कट वगैरे काही नाही.

खरा खेळ वेळेचा. लांबच्या तालुक्यांत जाणारी डाक आवृत्ती आधी छापून गाडीत पडते, शहराची सगळ्यांत शेवटी. किनवटला रात्री आठला गारपीट झाली तर दुसऱ्या दिवशी ती नांदेड शहराच्या अंकात असते, किनवटच्या अंकात तिसऱ्या दिवशी. म्हणजे ज्यांच्या डोक्यावर गारा पडल्या त्यांना सोडून बाकी सगळ्यांना बातमी. तिसऱ्या दिवशी ती शिळी वाटू नये म्हणून डेस्क तिला ताजी करायला जातो : ‘नुकसानीचा आकडा वाढला’. वाढला का? कोणी मोजलाच नव्हता.

आता जागा. पान आठ कॉलमांचं, उंची साधारण ५० सेंटिमीटर, म्हणजे ४०० कॉलम सेंटिमीटर. संध्याकाळी सातला वाढदिवसाची अर्धं पान जाहिरात आली की २०० गेले. लावलेलं पान मोडायचं आणि २५० शब्दांची बातमी ८० शब्दांत बसवायची. कात्री नेहमी शेपटाकडून चालते. आणि बातमीदाराला शाळेपासून शिकवलेलं असतं की महत्त्वाचं वर, बारीकसारीक खाली. त्यामुळे ‘हा प्राथमिक अंदाज असून पंचनामे बाकी आहेत’ हे वाक्य शेवटच्या परिच्छेदात बसलेलं असतं. पहिलं तेच उडतं. ‘१२ हजार हेक्टरवरील सोयाबीन उद्ध्वस्त’ तेवढं शिल्लक राहतं.

उपाय सोपा आहे. ‘प्राथमिक’ हा शब्द आकड्याच्या आधी, त्याच वाक्यात टाका. ‘प्राथमिक अंदाजानुसार १२ हजार हेक्टर’ एवढं डेस्क कापू शकत नाही, कारण ते कापलं तर वाक्यच राहत नाही.

राहिला ‘सदृश’. तालुक्याहून येणाऱ्या मजकुरात तो आधीच असतो, सर.

काळी_माती

डेस्कवाले साहेब, ‘सदृश’ आम्ही नाही घालत बरं का. आमच्या मजकुरात ‘जोरदार’ असतं. चार कॉलमी शीर्षकाला जोरदार पुरत नाही म्हणून तुम्ही त्याला सदृश करता. असो, भांडण नंतर.

तालुक्याचा हिशोब कोणी मांडत नाही म्हणून मांडतो. तालुका वार्ताहर म्हणजे पगारी माणूस नव्हे. नाममात्र मानधन, वर जाहिरातीवर टक्केवारी. लई ठिकाणी अंकाची एजन्सीही त्याच्याच घरात, म्हणजे सकाळी गठ्ठे सोडवायचे, दुपारी बातमी, संध्याकाळी वसुली. टार्गेट ठरलेलं : वर्धापनदिन, १५ ऑगस्ट, १७ सप्टेंबरची मुक्तिसंग्राम पुरवणी, दिवाळी, २६ जानेवारी आणि मधे जितके नेते तितके वाढदिवस.

लोक म्हणतात जाहिरातदार दबाव आणतो, फोन करतो. फोन कामून करील? खरी दोरी थकलेल्या बिलाची असते. जाहिरात छापून येते, ऑफिस बिल वार्ताहराच्या नावावर टाकतं, नेता म्हणतो ‘बघू, पुढच्या महिन्यात’. आता त्या नेत्याच्या रस्त्याच्या कामाची बातमी लिहायची कशी? लिहिली की बिल बुडालं, आणि ते स्वतःच्या कमिशनमधून भरायचं. नेत्याने पैसे दिले असते तर वार्ताहर मोकळा होता. देत नाही म्हणून बांधलेला आहे. हे उलटं गणित बाहेरच्याला समजत नाही.

दुसरी गोष्ट, आणि ही वाचणाऱ्याच्या कामाची. तालुक्याला आठ-दहा पेपरांचे वार्ताहर असतात, सगळे एका ग्रुपवर. एक जण तहसीलला जाऊन येतो, लिहितो, ग्रुपवर टाकतो. बाकीचे पहिली ओळ बदलून आपापल्या ऑफिसला धाडतात. त्यात चूक झाली तर ती पाच पेपरांत जाते. वाचणारा म्हणतो, पाच पेपरांत आलंय म्हणजे खरं असणार. अहो, पाच पेपर म्हणजे एकच माणूस आहे तो! ओळखायची खूण : आकडा, नावांचा क्रम आणि व्याकरणाची चूक तिन्ही सारखं असेल तर उगम एकच.

तुमच्या तीन पेपरांत तीन आकडे आलेत ना, म्हणजे तिघांनी तरी वेगवेगळे कागद पाहिलेत. एवढं तरी चांगलं झालं म्हणा.

बांधावरून

काळी_माती +१. पण मग पतसंस्था, मल्टिस्टेट (एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या सहकारी संस्था) बुडाल्या तेव्हा ठेवीदारांना आधी काहीच का कळलं नाही? सगळ्यांत मोठ्या जाहिराती त्यांच्याच होत्या.

काळी_माती

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. खोटं छापलं जात नाही, खरं छापायचं राहून जातं. शाखेसमोर रांग लागली तर ‘व्यवहार सुरळीत, अफवांवर विश्वास ठेवू नका’ ही संस्थेची प्रेसनोट जशीच्या तशी येते. रांगेतल्या माणसाचं म्हणणं येत नाही.

यातून वाट काढायची एक रीत आहे. आरोप आपल्या तोंडाने करायचा नाही, सरकारी कागदाच्या तोंडाने करायचा. साखर कारखान्याचं घ्या. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची असते. ‘शेतकऱ्यांचा आरोप’ असं लिहिलं की कारखान्याचा माणूस ऑफिसला फोन लावतो. साखर आयुक्तालयाच्या थकबाकीच्या तक्त्यातला आकडा तारखेसह लिहिला की फोन कोणाला लावणार, आयुक्ताला? पतसंस्थेचा लेखापरीक्षणाचा वर्ग, पाणीपुरवठ्याच्या कामाचा कार्यारंभ आदेश, शाळेची यूडायसची (शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीतली) पटसंख्या, सगळ्याला हीच रीत. कागद हातात असला की संपादकालाही ‘नाही’ म्हणायला जड जातं.

क्युसेक

धरणाच्या बातम्यांवर बोलतो, कारण पाऊस लागला की सगळ्यांत जास्त गोंधळ तिथेच.

नाथसागराची (जायकवाडी धरणाच्या जलाशयाची) एकूण क्षमता १०२ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर. त्यातला जिवंत (वापरता येणारा) साठा सुमारे ७६.६५ टीएमसी, उरलेला २६ च्या आसपास मृतसाठा. रोज छापली जाणारी टक्केवारी फक्त जिवंत साठ्याची असते. म्हणून ‘जायकवाडी शून्य टक्के’ म्हणजे धरण कोरडं असं नाही, पाणी जोत्याखाली, म्हणजे मृतसाठ्यात गेलं एवढंच. छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याचं पिण्याचं पाणी त्यातूनही आपत्कालीन पंपांनी उचलतात. ‘जायकवाडी आटलं’ असं शीर्षक दिलं की शहरात दुसऱ्या दिवशी टँकरचा भाव चढतो. उलट बाजूने, ‘१०२ टीएमसीचं धरण भरलं’ वाचून कालव्याला १०२ टीएमसी मिळणार असं धरणारेही आहेत.

क्युसेक आणि टीएमसी यांची तर खिचडीच. क्युसेक (सेकंदाला घनफूट) हा वेग, टीएमसी हा साठा. ‘धरणात ५० हजार क्युसेक पाणी जमा’ हे वाक्य ‘गाडीत ८० किमी पेट्रोल’ असं म्हटल्यासारखं आहे. लक्षात ठेवायला एक आकडा पुरतो : ११,५७४ क्युसेक अखंड २४ तास वाहिलं की १ टीएमसी. म्हणजे ५० हजार क्युसेक दिवसभर चाललं तर ४.३२ टीएमसी. आता कोणी लिहिलं की ‘नाशिकहून दहा हजार क्युसेक सोडल्याने जायकवाडी एका रात्रीत १० टक्के वाढलं’, तर पाटीवर हिशोब मांडा. जिवंत साठ्याचे १० टक्के म्हणजे साडेसात टीएमसीच्या वर. दहा हजाराने दिवसभरात १ टीएमसीसुद्धा होत नाही. शिवाय नाशिकचं पाणी पैठणला पोहोचायला वेळ लागतो, आणि ‘सोडलं’ आणि ‘आलं’ हे दोन वेगळे आकडे आहेत. वाटेत नदी पिते, बंधारे पितात.

विसर्गाच्या बातमीत तीन गोष्टी नसल्या तर ती काठावरच्या गावांना निरुपयोगी : किती वाजताचा विसर्ग, दरवाजे किती आणि किती फुटांनी उघडले, पुढच्या ठिकाणी इशारा पातळी किती. नांदेडला जुन्या पुलाजवळ इशारा पातळी ३५१ मीटर, धोका पातळी ३५४. ‘गोदावरी धोक्याच्या पातळीकडे’ असं लिहिताना सध्याची पातळी शेजारी लिहिली तर वाचणारा स्वतः ठरवील घर आवरायचं की नाही. ‘नदीला महापूर’ यावरून काहीच ठरवता येत नाही.

मंडळनिहाय

नुकसानीच्या आकड्यांबद्दल पुरवणी. पहिल्या दिवशी येतो तो ‘बाधित क्षेत्रा’चा नजरअंदाज. पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघे मिळून करतात (तिघांचीही पदनामं आता बदलली आहेत, गावात जुनीच चालतात). मदतीला पात्र ते ३३ टक्के किंवा जास्त नुकसानीचं क्षेत्र. त्यामुळे दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहानच येणार. त्यावर ‘सरकारने आकडा घटवला’ अशी बातमी होते. कधी खरंच घटवलेला असतो, पण ते सांगायला गावनिहाय यादी लागते, दोन बेरजांमधल्या फरकावरून कळत नाही.

‘खातेदार’ म्हणजे शेतकरी नव्हे. एका माणसाची तीन ८-अ खाती (तलाठ्याकडची जमिनीची खाती) असतील तर तो तीनदा मोजला जातो, आणि एका सामाईक खात्यात पाच भाऊ असतील तर पाच मिळून एक. ‘दोन लाख शेतकऱ्यांना फटका’ हा आकडा बहुतेक वेळा दोन लाख खात्यांचा असतो.

रक्कम लिहिताना ‘हेक्टरी’ आणि ‘मर्यादा’ दोन्ही लिहा. आपत्ती निवारणाच्या निकषांत जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे आरला ८५. सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर राज्याने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, तेव्हा सगळीकडे एकूण कोटींचंच शीर्षक होतं. त्यात पिकाची मदत वेगळी, खरवडून गेलेल्या जमिनीची वेगळी, रोहयोतून होणारी कामं वेगळी, रस्ते-पूलही त्यातच. वीस आर गेलेल्या माणसाला त्या शीर्षकातून आपल्या खात्यात काय येणार ते समजत नाही.

आणि कृपा करून ‘अनुदान’ आणि ‘विमा’ एका वाक्यात कोंबू नका. सरकारी मदतीला पंचनामा लागतो, विम्याचं गणित वेगळं. खरीप २०२५ पासून राज्यात विमा पीक कापणी प्रयोगावर आला, तरी ‘७२ तासांत तक्रार नोंदवा’ ही जुनी बातमी तारीख बदलून फिरत होती. जुना मजकूर उघडून त्यावर नवीन लिहायची सवय, दुसरं काही नाही.

टिकर

चॅनेल आणि यूट्यूबवाल्यांची पद्धत वेगळी, म्हणून वेगळं लिहितो. इथे आकड्याआधी दृश्य येतं. पूर आला की पहिल्या तासात वीस व्हिडिओ येतात, त्यातले काही दोन-तीन वर्षांपूर्वीचे, काही आंध्रातले. तपासायची रीत : व्हिडिओ थांबवून दुकानाची पाटी, गाडीचा नंबर (एमएच २२ परभणी, २३ बीड, २४ लातूर, २५ धाराशिव, २६ नांदेड), एसटीचा फलक, विजेच्या खांबांची ओळ बघायची. पुलाला कठडा आहे का, किती गाळे आहेत ते मोजायचं आणि नकाशावरच्या फोटोशी ताडायचं. आवाज ऐकायचा, बोली लगेच पकडली जाते. मग पोलीस पाटलाला किंवा सरपंचाला फोन : ‘पूल पाण्याखाली आहे का’ असं विचारायचं नाही, कारण माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो. ‘पाणी सध्या कुठपर्यंत आहे’ असं विचारायचं. पाठवणाऱ्याकडे मूळ फाइल मागायची. ज्याने स्वतः काढलाय तो पाठवतो, बाकीचे ‘ग्रुपवर आला होता’ म्हणतात. एवढ्याला वीस मिनिटं लागतात. शेजारचं चॅनेल तोवर दाखवून मोकळं झालेलं असतं आणि मुंबईहून फोन येतो, ‘त्यांच्याकडे आहे, आपल्याकडे का नाही?’ जिल्ह्याच्या बातमीदारावरचा सगळ्यांत मोठा दबाव कुठला म्हणाल, तर तो हा फोन. नेत्याचा फोन त्याच्यामागे.

सभेच्या गर्दीचंही बोलून टाकतो. दहा एकर म्हणजे ४० हजार चौरस मीटर. मांडी घालून बसलेले लोक चौरस मीटरला दोन धरा, ८० हजार. खेटून उभे असले तर चार धरा, एक लाख साठ हजार. त्यातून स्टेज, बॅरिकेड, वाटा वजा करा. दहा एकरांत दहा लाख बसत नाहीत, ड्रोन कितीही खाली उतरवला तरी. पण ‘लाखोंचा जनसागर’ नाही लिहिलं तर आयोजकांचे कार्यकर्ते त्या बातमीदाराचा नंबर ग्रुपवर टाकतात, आणि रात्रभर फोन वाजत राहतो. आरक्षणाच्या आंदोलनांपासून हे फार वाढलं, दोन्ही बाजूंनी. सुरक्षित वाट एकच : मैदान किती एकराचं ते लिहायचं, आयोजकांचा दावा त्यांच्या नावावर लिहायचा, पोलिसांचा अंदाज त्यांच्या नावावर.

गुन्ह्याच्या बातमीत आडनावाचा प्रश्न येतो. बीड पोलिसांनी २०२५ मध्ये नेमप्लेटवरून आडनावं काढली, फक्त नाव ठेवलं. पेपरांना ते जमणार नाही, आरोपीचं पूर्ण नाव लागतंच, नाहीतर नामसाधर्म्यावरून भलताच माणूस अडकतो. पण जातीचा गुन्ह्याशी संबंध नसताना शीर्षकात समाजाचं नाव कशाला?

गोदाकाठची

शेतकरी आत्महत्येच्या आकड्यांवर कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. विभागीय आयुक्तालयाच्या तक्त्यात एकूण प्रकरणं, पात्र, अपात्र आणि चौकशीसाठी प्रलंबित असे रकाने असतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीसमोर प्रकरण जातं. कुटुंबाच्या नावावर जमीन, कर्ज, वसुलीचा तगादा हे बघून पात्रता ठरते. मदत एक लाखाची : ३० हजार हातात आणि ७० हजार ठेव म्हणून. बटईने करणारा, नावावर सातबारा नसलेली बाई, सावकाराकडून तोंडी उसने घेतलेले, हे अपात्रमध्ये जातात. ‘अपात्र’ म्हणजे ‘शेतीमुळे नाही’ असं छापणं सरळ चूक आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आकडा पोलीस नोंदीवरून येतो आणि त्यात शेतमजूरही येतात, म्हणून तो आयुक्तालयाशी जुळत नाही आणि जुळायची अपेक्षाही नको. चालू महिन्याचा आकडा मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडताना प्रलंबित किती ते बघितल्याशिवाय ‘घटल्या’ लिहू नये.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल प्रेस कौन्सिलची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत : पद्धत, ठिकाण, फोटो देऊ नये, शीर्षकात सनसनाटी नको. मदतीचा क्रमांकही द्यावा. टेली-मानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा) क्रमांक १४४१६ आहे, मराठीतही बोलतात. चौकटीत दोन सेंटिमीटर जागा लागते. तरी औषधाच्या डबीचा फोटो छापलेला दिसतोच.

पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्याच्या) बातमीतही तसंच. मुलीचं नाव देत नाहीत, पण गाव, शाळा, बापाचा धंदा आणि आरोपीशी नातं देतात. दोन हजार वस्तीच्या गावात यापलीकडे ओळख ती काय राहिली? ‘आरोपी मुलीचा चुलता’ लिहिलं आणि चुलत्याचं नाव छापलं की मुलीचं नाव छापल्यासारखंच.

जाहीर_प्रगटन

कायद्याचं थोडक्यात. पोक्सो कलम २३ मध्ये घर, शाळा, शेजार यावरून ओळख पटेल असं काहीही देणं गुन्हा आहे. गोदाकाठच्या ताईंचा मुद्दा कायद्यातही तसाच आहे.

बदनामीच्या नोटिसांना लोक नको तितके घाबरतात, आणि नको तिथे निर्धास्त राहतात. फौजदारी बदनामी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली, शिक्षा दोन वर्षांपर्यंत, तक्रारीची मुदत तीन वर्षं. दिवाणी दाव्याची मुदत एक वर्ष. म्हणजे वही, कागद, रेकॉर्डिंग किमान तीन वर्षं जपायचं. मोबाईल बदलताना रेकॉर्डिंग उडतं आणि बचाव तिथेच संपतो. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक क्रमांक) द्यावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे पाठवलेली प्रत मूळ फाइलशी जुळत नाही, म्हणून मूळ फाइल हलवू नका. बातमीत ‘वारंवार प्रयत्न करूनही संपर्क झाला नाही’ लिहिता, तर कितीदा, किती वाजता, कुठल्या नंबरवर ते वहीत नोंदवा. एफआयआरबद्दल ‘सूत्रांनी’ लिहायची गरजच नाही. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर संवेदनशील प्रकरणं सोडून एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावी लागते.

पत्रकारांवरच्या हल्ल्यांसाठी राज्याचा २०१७ चा कायदा आहे : दखलपात्र, अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा ५० हजार दंड किंवा दोन्ही, आणि तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. अडचण व्याख्येत आहे. ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आणि जो माध्यमसंस्थेत कामाला, तो पत्रकार. तालुका वार्ताहराकडे नेमणूकपत्र नसतं, तो कागदोपत्री एजंट असतो. एकट्याने यूट्यूब चालवणाऱ्याचं तर विचारूच नका. मार खाल्ल्यावर पहिला प्रश्न येतो : तुम्ही पत्रकार असल्याचा पुरावा? म्हणून निदान ओळखपत्राची तारीख चालू ठेवा आणि नाव छापलेली कात्रणं जपा.

निवडणुकीतल्या पेड न्यूजची सुरुवात कुठे दिसली ते मराठवाड्याने विसरू नये. २००९ च्या विधानसभेत वेगवेगळ्या दैनिकांत शब्दशः सारखे मजकूर आले, ते पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केलं. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये अहवाल दिला. तो पूर्ण स्वरूपात बाहेर यायला २०११ उजाडलं, तेही माहिती आयोगाच्या आदेशानंतर. आता जिल्ह्यात एमसीएमसी (माध्यम प्रमाणन आणि देखरेख) समिती असते. संशयित मजकूर छापल्यापासून ९६ तासांत निवडणूक अधिकारी नोटीस काढतो, उमेदवाराने ४८ तासांत उत्तर द्यायचं, नाहीतर जाहिरातीच्या दराने रक्कम त्याच्या खर्चात धरतात. विधानसभेला खर्चमर्यादा ४० लाख. म्हणून हल्ली मजकूर पेपरात कमी आणि नावपत्ता नसलेल्या पोर्टलांवर जास्त.

चावडीवाचक

एवढं वाचून तिन्ही कात्रणं पुन्हा काढली. ४३ च्या खाली बारीक अक्षरात ‘सरासरी’ आहे. ७१ च्या बातमीत मंडळाचं नाव आहे, शीर्षकात नाही. आणि ११२ च्या बातमीतला शेवटून दुसरा परिच्छेद : ‘गेल्या दोन दिवसांत या मंडळात एकूण ११२ मिमी पावसाची नोंद झाली.’ ‘ढगफुटी’ हा शब्द मजकुरात कुठेच नाही, फक्त शीर्षकात.

काळी_माती

बगा! कोणी घातला सदृश?

डाक_आवृत्ती

मान्य.

चावडीवाचक

दुरुस्ती छापून आणायची तर?

जाहीर_प्रगटन

आधी संपादकाला लेखी पत्र : अंकाची तारीख, पान, आवृत्ती, चुकीचं वाक्य जसंच्या तसं, बरोबर आकडा आणि त्याचा कागद सोबत. आवृत्ती लिहायला विसरू नका, डाक आणि शहर अंकात मजकूर वेगळा असतो. पोच ठेवा. उत्तर नाही आलं तर प्रेस कौन्सिल, दैनिकासाठी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत. कौन्सिल दंड करू शकत नाही, समज किंवा ताशेरे देऊ शकते.

काळी_माती

आणि पत्र थेट ऑफिसला टाका, तालुका वार्ताहराच्या हातात देऊ नका. त्याच्याकडं दिलं की तो आधी विचारील, सोबत जाहिरात आहे का.